गळकी होडी

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की नदीवर पूल बांधता येतो हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पलीकडे जायचं तर होडीत बसायचं, आणि होडी नसेल तर गुमान घरी बसायचं. लहानांनी नीट ऐका. मोठ्यांनी जरा जास्तच नीट ऐका, कारण गोष्ट मुळात त्यांचीच आहे. लहानांना असल्या चुका करायला अजून वेळ आहे.

त्या नदीच्या काठी एका गावात निंबाजी नावाचा सुतार राहत होता. होड्या बांधायचा. हात मोठा गोड होता त्याचा. लाकडाला नुसता तळवा लावून ते कुठे वाकेल आणि कुठे अडून बसेल हे सांगायचा.

तो ऐन तरुण होता तेव्हा एके वर्षी नदीला मोठा पूर आला. पलीकडच्या तीरावर एक बाई अडली होती आणि सुईण राहिली अलीकडे. सगळ्या होड्या बांधून ठेवलेल्या. पाण्यात उतरायची कोणाची छाती होईना. तेवढ्यात खालच्या अंगाने एक होडी आली. तिचं पुढचं टोक असं उंच आणि बाकदार होतं, की लाट आली की होडी मान वर करायची आणि लाटेवरून अलगद पलीकडे उतरायची. वल्ही मारत होते संगमावरचे आबा. त्यांनी सुईणीला घेतलं, पलीकडे सोडलं, आणि चिलीम पेटवून बसले.

काठावर उभ्या असलेल्या निंबाजीच्या अंगावर काटा आला. तो मनाशी म्हणाला, ‘अशी एक होडी माझ्या हातून झाली पाहिजे. ती घेऊन मी आबांच्या पायाशी जाईन. मग मेलो तरी चालेल.’ तरुण माणसं असं बोलतात. चालेल म्हणतात खरं, पण चालत नाही.

आता हे आबा कोण, ते सांगतो. नदीच्या खालच्या अंगाला, जिथे दुसरी नदी येऊन मिळते, तिथे त्यांचं घर होतं. त्यांच्यासारख्या होड्या त्या मुलखात कोणी बांधत नसे. दूरदूरचे सुतार त्यांना भेटायला जायचे. पण आबांकडे जायची एक रीत होती. नारळ न्यायचा नाही, शाल न्यायची नाही. आपण बांधलेली होडी न्यायची, आणि तीसुद्धा गळकी.

हो, गळकी. फळ्या जोडायच्या, पण फटींत कापूस आणि राळ भरायची नाही, वरून तेलाचा लेप द्यायचा नाही. तशीच होडी पाण्यात लोटायची आणि तांब्याने पाणी उपसत उपसत संगमापर्यंत जायचं. घाटावर आबा गुडघाभर पाण्यात उभे असायचे. पाणी कुठून येतंय, कुठून जास्त येतंय, हे ते वाकून बघायचे. मग होडी उपडी करायची आणि आबा गेरूच्या खड्याने खुणा करायचे. कुठे फळी तासायची, कुठे वाकवायची, कुठे सांधाच चुकला आहे, सगळं त्या तांबड्या खुणांत यायचं. घरी जाऊन तसं दुरुस्त करायचं, आणि मगच राळ भरायची. येणारा भिजून चिंब झालेला असायचा आणि घाटावरची माणसं पोट धरून हसायची. आबाही हसायचे. हसण्याचं कोणी मनावर घ्यायचं नाही, हाही रीतीचाच भाग होता.

निंबाजीला सगळं मान्य होतं, पण हे गळकं प्रकरण काही त्याच्या गळी उतरेना.

“ज्या माणसाला मी देव मानतो, त्याच्यापुढे बुडत बुडत जाऊ?” तो बायकोला म्हणायचा. “जरा बरी होडी होऊ दे. मग जाईन.”

त्याची बायको गोजरा चुलीपुढून म्हणायची, “अहो, माणूस वैद्याकडे बरा होऊन जातो का?”

निंबाजी लाकडावर तळवा फिरवत राहायचा. अशा वेळी नवरे आपण विचार करतोय असं दाखवतात.

त्याच्या शेजारी केरू नावाचा दुसरा सुतार होता. निंबाजीच्या मानाने हा अगदीच यथातथा. खिळा ठोकताना हातोडा खिळ्यापेक्षा अंगठ्यावर जास्त पडायचा. पण गडी बिनधास्त होता. त्याने पहिली होडी बांधली आणि दुसऱ्याच दिवशी लोटली पाण्यात. अर्ध्या वाटेत ती इतकी भरली, की केरू पोहत आणि होडी ढकलत संगमावर पोचला. घाटावरच्या बायका हसून हसून खाली बसल्या म्हणे.

केरू परत आला तो शिंकत आला. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याच्या परसात ठोकाठोक सुरू झाली, आणि ती पुढे कित्येक दिवस थांबली नाही.

“एवढं काय सांगितलं रे आबांनी?” निंबाजीने कुंपणावरून विचारलं.

“सांगितलं फारसं नाही,” केरू म्हणाला. “गेरूने सगळी होडी रंगवली. पण तुला खरं सांगू निंबा, तिथे जाऊन आलं ना, की हात स्वस्थ बसत नाहीत. त्यांनी स्वतःची पहिली होडी अजून गोठ्यात ठेवली आहे. बघितलीस तर हसशील. माझ्यापेक्षा जास्त खुणा आहेत तिच्यावर. त्यांच्या गुरूने केलेल्या.”

निंबाजीला रागच आला. “काहीतरी बोलू नकोस. आबांच्या कामावर खुणा कशाला पडतील? तुला स्वतःचं झाकायचं म्हणून त्यांना खाली ओढतोस.”

केरू हिरमुसला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

वर्षं जात राहिली. केरू दरवर्षी जायचा, भिजायचा, शिंकायचा आणि नव्या दमाने कामाला लागायचा. त्याच्या होड्या देखण्या झाल्या नाहीत, पण एकेक फट कमी होत गेली. निंबाजी मात्र घरी बसून बांधायचा आणि मोडायचा. त्याच्या होडीला आबांच्या होडीसारखाच उंच बाक असायचा. तसा बाक त्याला सोडून कोणालाच जमत नव्हता. पण बाक द्यायला गेलं, की अगदी टोकाशी, जिथे दोन्हीकडच्या फळ्या येऊन मिळतात, तिथे सांधा तोंड उघडायचा. त्याने नाना उपाय केले. फट काही मिटेना.

मग त्याचं मन उडायचं. कधी कधी महिनेच्या महिने तो लाकूड तासायचा वाकस हातात धरायचा नाही. कोणी आबांचं नाव काढलं, की पुन्हा डोळ्यांत पाणी यायचं, पुन्हा दोन दिवस लाकूड तासायचा, पुन्हा ती फट उघडायची आणि पुन्हा सगळं थंड. एकटा माणूस स्वतःच्या मनाला किती दिवस फुंकर घालणार?

एकदा केरू संगमावरून आला तो थेट निंबाजीकडे. “आबा तुझी चौकशी करत होते. मी तुझ्या बाकाबद्दल सांगितलं. म्हणाले, त्याला म्हणावं, असेल तशी आण. गळकी आण. मी वाट बघतो.”

दुसरा कोणी असता तर त्याच पावली निघाला असता. निंबाजीचं उलटंच झालं. तो मनात म्हणाला, ‘आता तर आबांना माझं नाव ठाऊक झालं. आता साधी होडी नेऊन कसं चालेल? आता निर्दोषच पाहिजे.’ कौतुकाचा निरोप आला आणि त्याने त्याची बेडी करून पायात घातली. काय म्हणावं या माणसाला?

निंबाजीचे केस पांढरे झाले. त्याची एकुलती एक लेक लग्न होऊन पैलतीरावर नांदायला गेली. तेव्हा त्याला वाटलं, आता थांबण्यात अर्थ नाही. त्याने सगळा जीव ओतून एक होडी बांधली. असा बाक, की वाटेने जाणारी माणसं थांबून बघायची. टोकाशी फट मात्र होतीच. निंबाजीने ती बराच वेळ बघितली. मग त्याने तिच्यात कापूस ठासला, वर राळ भरली, आणखी राळ भरली, आणि सगळ्या होडीला तेलाचा लेप देऊन चकचकीत केलं. रीत मोडली, हे त्याला कळत होतं. पण आबा बघतील तेव्हा थेंबभरही पाणी आत नसेल, या विचाराने त्याला बरं वाटत होतं.

धुतलेलं धोतर, कोरडं पागोटं अशा थाटात तो संगमावर पोचला. घाटावरची माणसं उठून उभी राहिली. कोणी हसलं नाही. आबांची सोडली तर अशी होडी त्यांनी पाहिली नव्हती.

आबा सुनेचा हात धरून पायऱ्या उतरले. खूप थकले होते. निंबाजीने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे पांढरे झाले होते. आबांना दिसत नव्हतं.

“कोण आलंय?”

“मी निंबाजी, आबा. वरच्या गावचा.”

म्हाताऱ्याचं तोंड उजळलं. “बाकवाला? आलास होय. उशीर केलास रे लेका.”

ते पाण्यात उतरले आणि होडीवरून हात फिरवू लागले. कडेवरून हात टोकाकडे गेला तसा तो सावकाश झाला. त्या बाकावरून त्यांनी तळवा पुन्हा पुन्हा फिरवला. “हा माझा बाक आहे,” ते हळूच म्हणाले. “एवढे सुतार आले, पण हा कोणाच्या हातात नव्हता.” मग त्यांची बोटं फटी शोधू लागली, आणि थांबली.

“ही तर तू बुजवून आणलीस.”

“एक थेंब आत येत नाही, आबा.”

“ते कळलं. म्हणून तर मला काहीच कळत नाही.” त्यांनी टोकावर बोट टेकवलं. “इथे राळ जाड लागते हाताला. इथेच उघडते ना?”

निंबाजीने मान खाली घातली. मग आबांना दिसत नाही हे आठवून तो “हो” म्हणाला.

आबा त्याला गोठ्यात घेऊन गेले. तिथे एक जुनी होडी उपडी पडली होती. ती गेरूच्या खुणांनी भरली होती, आणि सगळ्यांत जास्त खुणा होत्या टोकाशी. एकावर एक, वर्षानुवर्षांच्या.

“माझी पहिली,” आबा म्हणाले. “इथेच उघडायची. मी रडलोय हिच्यापाशी बसून. माझ्या गुरूंनी पाण्यात बघून बघून खुणा केल्या, तेव्हा कुठे उमगलं, फळी कुठे आणि किती पातळ करायची ते. बाकीच्यांना हे कधी सांगावंच लागलं नाही. त्यांच्या होड्यांना बाकच नव्हता.”

निंबाजीने त्या खुणांवरून बोट फिरवलं. ज्या फटीपायी त्याने उमर घालवली, ती आबांचीसुद्धा होती. केरूने या होडीचं सांगितलं होतं, आणि निंबाजीने उलट त्यालाच झापलं होतं. तरुणपणी एकदा इथे येऊन हा गोठा बघितला असता, तर पुढचे ते सगळे रिकामे महिने रिकामे गेले नसते. त्याला फार वाईट वाटलं. आबांचं वाईट वाटलं, त्याहून स्वतःचं वाटलं.

“मला सांगा ना आता,” तो म्हणाला.

“तोंडाने कसं सांगू? लाकूड लाकूड वेगळं. पाणी आत येताना बघावं लागतं. तू असं कर, ही राळ खरवडून काढ आणि गळकी घेऊन ये. तू माझ्या शेजारी उभा राहा, पाणी कुठून कसं येतं ते मला सांगत जा. तुझे डोळे, माझा हात. जमेल. पण लवकर ये.”

निघताना आबांनी होडीवर थाप मारली. “छान आहे हो,” ते म्हणाले. सगळ्या नदीवर फक्त निंबाजीलाच आबांनी छान म्हटलं होतं. आणि घरी येईपर्यंत तो शब्द त्याला टोचत राहिला.

आता तरी त्याने आबांचं ऐकावं की नाही? पण सांगायला मलाच लाज वाटते. गाव जमलं होतं त्याच्या स्वागताला. होडीला हळदकुंकू लावलं, हार घातला. आबांनी छान म्हटलं, ही बातमी त्याच्याआधी येऊन बसली होती. या सगळ्यांसमोर ती चकचकीत होडी खरवडायची आणि पाणी उपसत पुन्हा जायचं? ‘पावसाळा होऊन जाऊ दे,’ निंबाजी म्हणाला. ‘मग बघू.’

पावसाळ्यात नदीला पूर आला. तसाच, त्याच्या तरुणपणी आला होता तसा. आणि पलीकडून हाका आल्या, की निंबाजीची लेक अडली आहे, सुईणीला पाठवा.

सुईण काठावर येऊन उभी राहिली. सगळं गाव निंबाजीच्या होडीकडे बघू लागलं. लाटेवर मान उचलणारी होडी ती एकच होती. निंबाजीने वल्हं उचललं. टोकावर हात ठेवला. आणि त्याचा हात तिथेच राहिला. वरून कितीही चकचकीत असली, तरी त्या राळेच्या आत काय आहे, ते त्याला एकट्याला ठाऊक होतं. ऐन मध्यावर एक मोठी लाट बसली, की टोक उघडणार. आपण बुडलो तर बुडलो, पण सुईण बुडाली तर लेकीचं काय?

“ही नको,” तो म्हणाला. “केरू, तुझी काढ.”

केरू तसाच धावला. त्याची ती ओबडधोबड, जागोजागी ठिगळं लावलेली होडी त्याने लोटली. ती लाटेवर चढत नव्हती, लाटेतून घुसत होती. दोनदा दिसेनाशी झाली. पण तिची एकेक फट आबांनी बघितलेली होती आणि केरूने मिटवलेली होती. ती पलीकडे लागली.

लेक सुखरूप सुटली. नातू झाला. गोजराने देवापुढे साखर ठेवली. निंबाजी मात्र काठावर बसून राहिला. ज्या जागी उभं राहून त्याने तरुणपणी आबांना पाहिलं होतं, तीच ती जागा. लेकीसाठी होडी पाहिजे होती, होडी त्याच्याजवळ होती, आणि तो काठावर होता.

पाणी ओसरलं त्या दिवशी त्याने गावादेखत राळ खरवडली. कापूस उपसून काढला. कोण काय म्हणतंय, तिकडे लक्ष दिलं नाही. केरू म्हणाला, “मी येतो पाणी उपसायला.” दोघे पांढऱ्या केसांचे सुतार त्या गळक्या होडीत बसले आणि तांब्यांनी पाणी फेकत निघाले. टोकातून पाणी धो धो येत होतं. संगमाला पोचेपर्यंत ते कमरेइतके बुडाले होते. निंबाजीला पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही.

घाटावर हसायला कोणी नव्हतं. आबांची सून एकटीच पायरीवर धुणं धूत होती. तिने त्यांना ओळखलं आणि पदर डोळ्यांना लावला.

“दादा, आबा पुराच्या दिवसांतच वारले. शेवटपर्यंत विचारत होते, गळकी आली का म्हणून.”

ती घरात गेली आणि गेरूचा खडा घेऊन आली. निंबाजीने तो घेतला नाही. केरूने घेतला. तो पाण्यात उतरला, टोकाशी वाकला, पाणी येताना बराच वेळ बघत राहिला. मग त्याने खडा खाली केला.

“माझ्या होडीला इथे कधी फट पडलीच नाही, निंबा,” तो म्हणाला. “इथलं मला काही ठाऊक नाही. ते फक्त आबांना ठाऊक होतं. आणि ते तुलाच देण्यासारखं होतं.”

दोघे तिथे बसून राहिले. होडी त्यांच्यासमोर भरत गेली आणि घाटाला टेकली.

पुढे त्या नदीवर होड्या पुष्कळ झाल्या. चांगल्या, टिकाऊ झाल्या. पण लाटेवर मान उचलणारी ती होडी पुन्हा कोणाला बांधता आली नाही. निंबाजीने आपली होडी ओढत घरी आणली आणि परसात उपडी घातली. तिच्यावर गेरूची एकही खूण नव्हती. एखादा तरुण सुतार ‘थोडं काम राहिलंय, ते झालं की भेटायला जाईन’ असं म्हणाला, की निंबाजी त्याचा हात धरून त्याला परसात आणायचा आणि ती होडी दाखवायचा.

तात्पर्य : ज्याच्यासारखं व्हावंसं वाटतं, त्याच्याकडे आपलं अपुरं काम घेऊन वेळेवर जावं; पुरं झाल्यावर जाऊ म्हणणाऱ्याला कौतुक मिळतं, वाट मिळत नाही.